मोजणीदाराचा नियम आणि खेळण्यातले शहर

गजबजलेला चौक, त्यात वळण घेणारी बस, फुटपाथवरून लगबगीने चाललेली माणसे आणि पलीकडे इमारतींची रांग. यातली प्रत्येक गोष्ट खरी असते. पण छायाचित्रात ती एखाद्या दुकानाच्या काचेआड मांडलेल्या खेळण्यांसारखी दिसते. बस काडेपेटीएवढी वाटते, माणसे मेणाच्या बाहुल्यांसारखी. चित्राच्या मधोमध एक अरुंद पट्टा लख्ख असतो; त्याच्या वरचा आणि खालचा भाग धुक्यात विरघळल्यासारखा धूसर झालेला असतो. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अशा छायाचित्रांनी जगभरच्या शहरांना वेड लावले. 'टिल्ट-शिफ्ट' या नावाने हा प्रकार आधी कलादालनांत, मग जाहिरातींत आणि शेवटी मोबाइल फोनच्या पडद्यावर पोहोचला.

या किमयेच्या मुळाशी भूमितीचा एक साधा नियम आहे. छायाचित्रणाच्या पाठ्यपुस्तकांतून तो शाइम्पफ्लुग यांचा नियम म्हणून शिकवला जातो. ज्यांचे नाव या नियमाला मिळाले, ते थिओडोर शाइम्पफ्लुग छायाचित्रकलेच्या वाटेला फारसे गेलेच नाहीत. ते ऑस्ट्रियाचे लष्करी अधिकारी आणि पिंडाने मोजणीदार होते. छायाचित्रातली प्रत्येक वस्तू तिच्या खऱ्या मापाने दिसावी, एवढ्या एका ध्यासापायी त्यांनी आयुष्य वेचले. त्यांचा नियम आज लोकप्रिय झाला आहे तो मात्र मापाचे भान हरपवण्यासाठी.

शाइम्पफ्लुग यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८६५ रोजी व्हिएन्ना येथे झाला. त्याच वर्षी १ मे रोजी सम्राट फ्रान्झ जोसेफ यांच्या हस्ते व्हिएन्नाच्या रिंगस्ट्रासे या भव्य वर्तुळाकार राजमार्गाचे उद्घाटन झाले होते. शहराला वेढणारी जुनी तटबंदी पाडण्याचा आदेश १८५७ मध्ये निघाला होता आणि त्या जागी नाट्यगृहे, संग्रहालये आणि वाडे उभे राहत होते. शाइम्पफ्लुग यांच्या बालपणीचे व्हिएन्ना हे असे सतत मोजले जाणारे, आखले जाणारे आणि नव्याने बांधले जाणारे शहर होते.

हे शहर भिंगांचेही होते. व्हिएन्ना विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक असलेल्या योझेफ पेट्झवाल यांनी १८४० मध्ये गणिताच्या आधारे एक भिंग रचले आणि व्हॉइटलेंडर या तेथील कारखान्याने ते घडवले. त्या काळच्या भिंगांच्या मानाने ते कितीतरी अधिक प्रकाश घेई. त्यामुळे माणसांची चित्रे काढणे सुकर झाले आणि छायाचित्रणाचा धंदा खऱ्या अर्थाने उभा राहिला. पेट्झवाल यांच्या भिंगातून चित्राचा मध्य तीक्ष्ण येई आणि कडा धूसर होत जात. चेहऱ्याच्या चित्रात ही धूसरता खुलून दिसे. नजर आपोआप डोळ्यांवर खिळे. मोजणीच्या कामात मात्र तोच गुण दोष ठरला असता. धूसर कडेवरून अंतर कसे मोजणार, हा प्रश्न पुढे शाइम्पफ्लुग यांच्या वाट्याला वेगळ्या रूपात यायचा होता.

तरुणपणी ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या नौदलात गेले. आड्रियाटिक समुद्राकाठच्या फ्यूमे या बंदरात, म्हणजे आजच्या क्रोएशियातील रिएका शहरात, साम्राज्याची नौदल अकादमी होती. तेथे त्यांचे शिक्षण झाले. पुढे त्यांनी व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यालयात अभियांत्रिकीचा अभ्यास केला आणि तेथील लष्करी भूगोल संस्थेत काम केले. साम्राज्याचे नकाशे तयार करणारी ही संस्था युरोपात नावाजलेली होती. १८६९ ते १८८७ या काळात या संस्थेच्या मोजणीदारांनी साम्राज्याचा मुलूख पायाखाली घालून २५ हजारांस १ या प्रमाणाची मोजणीची पाने तयार केली होती आणि त्यांवरून ७५ हजारांस १ या प्रमाणाचे नकाशे छापले होते. डोंगर चढायचे, दुर्बीण लावायची, कोन घ्यायचे आणि फळ्यावर ताणलेल्या कागदावर ते उतरवायचे, ही कामाची रीत होती. माणसे थकत, ऋतू संपत, आणि नकाशा पूर्ण होईपर्यंत त्यातली गावे आणि रस्ते बदललेले असत.

या कष्टांना छायाचित्राची जोड देता येईल, ही कल्पना शाइम्पफ्लुग यांच्या जन्माआधीच सुचलेली होती. फ्रान्समध्ये एमे लोसेदा या लष्करी अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून त्यावर प्रयोग चालवले होते. जर्मनीत अल्ब्रेख्त मायडेनबाउअर हे १८५८ मध्ये वेट्झलार येथील चर्चची मापे घेताना उंचावरून कोसळता कोसळता वाचले आणि जीव धोक्यात घालण्यापेक्षा छायाचित्रावरूनच मापे का घेऊ नयेत, या विचाराने पछाडले गेले. छायाचित्रावरून मोजणी करण्याच्या शास्त्राला फोटोग्रामेट्री हे नाव त्यांनीच दिले. त्याच १८५८ साली पॅरिसजवळ नादार यांनी बलूनमधून कॅमेरा वर नेला आणि जमिनीचे आकाशातून छायाचित्र घेतले. दोन वर्षांनी, १८६० मध्ये, जेम्स वॉलेस ब्लॅक यांनी अमेरिकेतील बोस्टन शहर बलूनमधून टिपले.

उंचावरून घेतलेली ही चित्रे पाहून लोक हरखून गेले; मोजणीदारांचे मात्र त्यांनी समाधान झाले नाही. नकाशाचा आत्मा म्हणजे प्रमाण. नकाशाच्या एका कोपऱ्यातला एक सेंटिमीटर जेवढे अंतर दाखवतो, तेवढेच अंतर दुसऱ्या कोपऱ्यातल्या एका सेंटिमीटरनेही दाखवले पाहिजे. छायाचित्र हा नियम पाळत नाही. जवळचे मोठे आणि दूरचे लहान दिसणे हा त्याचा स्वभावच आहे. त्यात बलून वाऱ्यावर हेलकावे खातो, कॅमेरा तिरपा होतो आणि चौकोनी शेत कागदावर एका बाजूला निमुळते होऊन येते. एकाच चित्रात प्रत्येक बिंदूपाशी प्रमाण निराळे असेल, तर त्याला नकाशा कसे म्हणावे? शाइम्पफ्लुग यांनी छायाचित्राच्या या उणिवेशीच झुंज घेतली.

१८९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मांडलेली एक कल्पना आजही थक्क करते. एकाच प्रदेशाची दोन वेगवेगळ्या जागांवरून छायाचित्रे घ्यायची. मग अंधाऱ्या खोलीत दोन प्रक्षेपक दिवे, कॅमेरे मूळ जागी ज्या कोनात होते त्याच कोनात, पण लहान प्रमाणात, एकमेकांशेजारी ठेवायचे आणि त्या काचा त्यांतून प्रकाशित करायच्या. ज्या वाटेने प्रकाशकिरण कॅमेऱ्यात शिरले होते, त्याच वाटेने ते उलटे बाहेर पडतील आणि दोन्ही दिव्यांचे किरण जेथे जेथे एकमेकांना छेदतील, तेथे तेथे डोंगर आणि दऱ्या हवेत साकार होतील. थोडक्यात, त्या खोलीत पृथ्वीच्या त्या तुकड्याची प्रकाशाने घडवलेली छोटी प्रतिकृती उभी राहील आणि मोजणीदार टेबलापाशी बसून ती मोजू शकेल. या तत्त्वावर चालणारी यंत्रे पुढच्या दशकांत जर्मनीत तयार झाली आणि विसाव्या शतकात नकाशे बनवणाऱ्या संस्थांचा ती आधार ठरली. शहर टेबलावर मावेल एवढे करण्याचे वेड शाइम्पफ्लुग यांनाही होते. फरक एवढाच की, त्यांच्या प्रतिकृतीत मापाची गफलत खपणार नव्हती.

दुसरा मार्ग एका छायाचित्राचाच होता. तिरपे आलेले चित्र पुन्हा सरळ करून घ्यायचे. त्यासाठीची युक्ती प्रोजेक्टर वापरणाऱ्या कुणालाही समजेल. प्रोजेक्टर पडद्यासमोर तिरपा ठेवला की चौकोनी चित्र एका बाजूला पसरते. याच्या उलट, आधीच वाकडे असलेले चित्र योग्य त्या कोनात कललेल्या पडद्यावर टाकले, तर त्याचा वाकडेपणा निघून जातो. अडचण अशी की, पडदा कलला की चित्राचा एक भाग भिंगापासून दूर जातो, दुसरा जवळ येतो आणि मधली एक पट्टी सोडली तर बाकीचे सारे धूसर होते. आकार सुधारावा तर स्पष्टता जाते आणि स्पष्टता राखावी तर आकार बिघडतो, असा हा पेच होता.

हा पेच सोडवणारा नियम पुस्तकाच्या उदाहरणाने समजून घेता येतो. पुस्तक अर्धवट उघडून उभे केले की त्याची पाने वेगवेगळ्या दिशांना झुकलेली असतात. पण ती सारी कण्याशी एका रेषेत मिळालेली असतात. चित्राची काच, भिंग आणि पडदा ही अशीच तीन पाने आहेत असे समजायचे. भिंगही थोडे कलवून ही तिन्ही प्रतले, मनाने वाढवली असता, एकाच रेषेत मिळतील अशी रचना केली की कललेल्या पडद्यावरचे चित्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीक्ष्ण उमटते. नेहमीच्या कॅमेऱ्यात ही तीन प्रतले एकमेकांना समांतर असतात, म्हणून स्पष्टतेचे प्रतलही भिंगाला समांतर, भिंतीसारखे उभे असते. भिंग कलवले की ही अदृश्य भिंत आडवी होऊ लागते. ती हवी तशी फिरवता येते आणि हवी तर जमिनीवर अंथरताही येते.

शाइम्पफ्लुग यांनी या तत्त्वावर आधारलेली पद्धत आणि यंत्र यांचा ब्रिटिश पेटंटसाठीचा अर्ज १६ जानेवारी १९०४ रोजी दाखल केला आणि त्याच वर्षी १२ मे रोजी १,१९६ क्रमांकाचे ते पेटंट मंजूर झाले. भिंगे आणि आरसे यांच्या साहाय्याने सपाट चित्रात हवा तसा, पण शिस्तबद्ध बदल घडवणे, असा त्याचा विषय होता. प्रतलांचा मूळ नियम आपला असल्याचा दावा त्यांनी या पेटंटात केला नाही. त्याचे श्रेय त्यांनी पॅरिसच्या झ्यूल कार्पांतिए यांना दिले.

हे कार्पांतिए काही सामान्य कारागीर नव्हते. १८५१ मध्ये जन्मलेल्या या फ्रेंच अभियंत्याच्या कारखान्यातच ल्यूमिएर बंधूंचे सिनेमाचे यंत्र तयार झाले होते. उंच इमारतीकडे खालून कॅमेरा रोखला की तिच्या भिंती वर एकमेकींकडे झुकलेल्या दिसतात. हा दोष छायाचित्र मोठे करताना काढून टाकणाऱ्या उपकरणाचे ब्रिटिश पेटंट त्यांनी १९०१ मध्ये मिळवले होते. तीन प्रतले एका रेषेत मिळण्याची अट त्यात आलेली होती. म्हणजे हा नियम जन्माला आला तो शहरातल्या इमारती सरळ उभ्या करण्यासाठी. शाइम्पफ्लुग यांचे कर्तृत्व पुढचे आहे. इमारतीच्या भिंतीपुरता असलेला उपाय त्यांनी आकाशातून कोणत्याही कोनात घेतलेल्या चित्राला लागू पडेल असा व्यापक केला, त्याला पुरेसे गणित दिले आणि ते गणित प्रत्यक्षात उतरवणारी यंत्रे रचली. 'फोटोपर्स्पेक्टोग्राफ' या आपल्या यंत्राची माहिती त्यांनी १९०६ मध्ये प्रसिद्ध केली.

दुरुस्तीचे यंत्र हाती आल्यावर प्रश्न उरला तो आकाशातून पुरेसा मोठा प्रदेश टिपण्याचा. एका भिंगात मावणारा मुलूख थोडा. बलूनच्या प्रत्येक उड्डाणाला खर्च येई आणि हवामानाची मर्जी सांभाळावी लागे. त्यावर त्यांनी आठ भिंगांचा कॅमेरा बनवला. मधले भिंग सरळ खाली पाही आणि भोवतीची सात भिंगे चहूबाजूंना तिरपी रोखलेली असत. आठही चित्रे एकाच क्षणी घेतली जात. तिरपी सात चित्रे नंतर यंत्रात सरळ केली जात आणि मधल्या चित्राभोवती पाकळ्यांसारखी जोडली जात. त्यातून मिळे ते एकाच महाकाय भिंगातून सरळ खाली पाहिल्यासारखे विस्तीर्ण चित्र. अशी चित्रे जुळवून छायाचित्राचाच नकाशा करावा, हे त्यांचे उद्दिष्ट होते. उपग्रहाच्या चित्रांवर आपली गल्ली शोधणाऱ्या आजच्या माणसाला ही कल्पना नवी वाटणार नाही. त्या काळी मात्र विमानाचा शोधही नुकताच लागला होता.

या मोजणीमागे साम्राज्यांचे हिशेबही होते. १९०९ मध्ये फ्रँकफर्ट येथे आंतरराष्ट्रीय हवाई प्रदर्शन भरले. त्या निमित्ताने शाइम्पफ्लुग यांनी वसाहतींची विस्तृत मोजणी आकाशातून करण्याच्या तांत्रिक आणि आर्थिक शक्यतांवर लिहिले. भारतात अशा मोजणीला काय पडते याचा अनुभव ब्रिटिशांनी घेतलेला होता. १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू झालेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने एकोणिसाव्या शतकाचा बहुतेक काळ खाल्ला होता आणि तापाने व अपघातांनी अनेक मोजणीदारांचा बळी घेतला होता. आफ्रिकेतील आणि आशियातील मोठे प्रदेश तेव्हा नकाशावर कोरेच होते. ज्यांची जमीन मोजली जाणार, त्यांना विचारण्याची पद्धत त्या काळात नव्हती. शाइम्पफ्लुग यांचे काम या वस्तुस्थितीपासून वेगळे काढता येत नाही. ते त्या व्यवस्थेचे अधिकारी होते आणि आपल्या यंत्राला तेथे गिऱ्हाईक मिळेल याची त्यांना जाण होती.

१९१० मध्ये एडुआर्ड डोलेझाल यांच्या पुढाकाराने व्हिएन्ना येथे फोटोग्रामेट्रीची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. ज्या विद्येसाठी शाइम्पफ्लुग झटले, तिला त्यांच्याच शहरात जगाची मान्यता मिळत होती. पण तिचे दिवस फिरलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. २२ ऑगस्ट १९११ रोजी व्हिएन्नाजवळच्या मोडलिंग परिसरातील फोर्डरब्रूल येथे त्यांचे निधन झाले. वयाची ४६ वर्षेही पूर्ण झालेली नव्हती.

त्यानंतर तीनच वर्षांनी पहिले महायुद्ध पेटले. खंदकांचे जाळे आणि तोफांच्या जागा टिपण्यासाठी विमानांतून अगणित छायाचित्रे घेतली गेली आणि तिरपी चित्रे सरळ करून त्यांवरून नकाशे काढण्याची निकड प्रत्येक सैन्याला भासू लागली. युद्धानंतर त्सायससारख्या जर्मन कंपन्यांनी चित्रे सरळ करणारी यंत्रे बाजारात आणली. प्रतलांच्या नियमाची अट या यंत्रांत आपोआप पाळली जाई. शाइम्पफ्लुग यांचे नाव त्या नियमाला चिकटले. त्यांनी स्वतः ज्यांना श्रेय दिले होते, ते कार्पांतिए १९२१ मध्ये वारले; त्यांचे नाव मागे पडले. शास्त्रातील शोधाला मूळ शोधकर्त्याचे नाव क्वचितच मिळते, असे निरीक्षण अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ स्टीफन स्टिगलर यांनी १९८० मध्ये मांडले. त्याचे शाइम्पफ्लुग यांच्याइतके चपखल उदाहरण सापडणे कठीण. येथे तर नाव मिळालेल्या माणसानेच खुलासा लिहून ठेवला होता.

मोजणीच्या यंत्रातला हा नियम छायाचित्रकारांच्या परिचयाचा होता, तो वेगळ्या वाटेने. शाळेच्या ग्रुप फोटोसाठी लाकडी पेटी तिकाटण्यावर चढवून, डोक्यावर काळे कापड ओढून घेणारा छायाचित्रकार जुन्या पिढीला आठवत असेल. त्या पेटीचा पुढचा भाग आणि मागची काच यांच्यामध्ये भात्यासारखी घडी असे. या जातीच्या अनेक कॅमेऱ्यांत भिंग वर सरकवता येई आणि कलवताही येई. भिंग सरकवून इमारती सरळ ठेवायच्या आणि कलवून पायाजवळच्या फरशीपासून दूरच्या कमानीपर्यंत सारे तीक्ष्ण करायचे, हे कसबी माणसे अनुभवाने साधत. छोट्या रोल फिल्मचे कॅमेरे आले आणि ही सोय गेली. ती परत आली १९७३ मध्ये. त्या वर्षी कॅनन कंपनीने ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी कलणारे आणि सरकणारे भिंग बाजारात आणले. १९९१ मध्ये त्याच कंपनीची २४, ४५ आणि ९० मिलिमीटरची अशी तीन भिंगे आली. त्यांचे मुख्य ग्राहक इमारतींची आणि वस्तूंची छायाचित्रे घेणारे व्यावसायिक होते. शाइम्पफ्लुग यांच्याप्रमाणेच त्यांनाही हवे होते ते सरळ आणि स्पष्ट चित्र.

मग कुणीतरी भिंग उलट्या बाजूला कलवले. उंच गच्चीवरून खालच्या रस्त्याकडे पाहताना भिंग एका दिशेला कलवले तर स्पष्टतेचे प्रतल रस्त्यावर अंथरले जाते. विरुद्ध दिशेला कलवले तर ते रस्त्याला आडवे कापून जाते. मग एक अरुंद पट्टा तेवढा तीक्ष्ण राहतो आणि त्याच्या अलीकडचे व पलीकडचे सारे झपाट्याने धूसर होते. आणि पाहणाऱ्याला मैलभर पसरलेले शहर हातभर वाटू लागते.

असे का होते, याचे उत्तर दिवाळीत मुलांनी अंगणात केलेल्या किल्ल्यात सापडते. किल्ल्यावरचा मातीचा मावळा वीतभर अंतरावरून टिपला, तर मावळा तीक्ष्ण येतो. मागचा बुरूज आणि पुढचे दार धूसर होते. वस्तू जितकी जवळ, तितकी स्पष्टतेची खोली कमी, हा भिंगाचा धर्म आहे आणि माणसाच्या डोळ्यातही भिंगच आहे. उलट, खऱ्या किल्ल्याचे समोरच्या डोंगरावरून चित्र घेतले, तर तटापासून बालेकिल्ल्यापर्यंत सारे एकसारखे स्पष्ट येते. त्यामुळे धूसर कडा म्हणजे जवळची, लहान वस्तू, ही खूणगाठ मेंदूने नकळत बांधलेली असते. साधा हिशेब असा: शंभरपट लहान केलेल्या प्रतिकृतीचे चित्र एक सेंटिमीटर रुंदीच्या भिंगातून जितके धूसर दिसेल, तितकीच धूसरता खऱ्या शहराच्या चित्रात आणायची तर भिंगाची रुंदी शंभरपट, म्हणजे एक मीटर हवी. एवढे भिंग घेऊन गच्चीवर कोणी चढत नाही. भिंग कलवून तोच भास काही अंशांत साधतो.

या भासाची शास्त्रीय चिकित्साही झाली आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा मथितार्थ असा की, रस्त्याच्या निमुळत्या होत जाणाऱ्या रेषा फक्त एवढेच सांगतात की अमुक वस्तू तमुक वस्तूच्या किती पट दूर आहे. ती प्रत्यक्षात किती मीटरवर आहे, हे त्या सांगत नाहीत. धूसरता त्यांच्या जोडीला आली की मेंदू प्रत्यक्ष अंतराचा अंदाज बांधतो आणि अंतरावरून आकाराचा. धूसरता खोटी असेल तर आकारही खोटा ठरतो. उंचावरून खाली पाहणारा कोन या फसगतीला हातभार लावतो. कारण खेळणी आणि प्रतिकृती माणूस बहुधा वरूनच पाहतो.

ओलिवो बार्बिएरी या १९५४ मध्ये जन्मलेल्या इटालियन छायाचित्रकाराने या तंत्राला कलेची प्रतिष्ठा मिळवून दिली. २००३ पासून त्यांनी हेलिकॉप्टरमधून शहरे टिपण्याची मालिका हाती घेतली. त्यात रोम, लास व्हेगास आणि शांघाय ही शहरे आली. दोन हजार वर्षांचे कोलोसियम त्यांच्या चित्रात वास्तुविशारदाच्या टेबलावरच्या प्रतिकृतीसारखे दिसते. इतकी खात्रीची, इतकी पक्की वाटणारी शहरे कुणीतरी मांडलेली असावीत आणि उद्या उचलून ठेवता येतील, अशी अस्वस्थ करणारी शंका ही चित्रे मनात सोडून जातात. पुढे संगणकाने भिंगाची गरजही संपवली. साध्या छायाचित्राचा वरचा आणि खालचा भाग धूसर केला की काम भागते. अर्थात सावध नजरेला यातली खोट सापडते. स्पष्ट पट्ट्यात उभ्या असलेल्या मनोऱ्याचे टोक त्याच्या पायाइतक्याच अंतरावर असते. जवळून टिपलेल्या खऱ्या प्रतिकृतीत ते स्पष्ट दिसले असते. संगणक मात्र ते आंधळेपणाने पुसून टाकतो.

शाइम्पफ्लुग यांना हा खेळ रुचला असता की नाही, याचा तर्क करण्यात अर्थ नाही. मात्र त्यांच्या आयुष्यभराच्या एका संशयावर या चित्रांनी शिक्कामोर्तब केले आहे, हे खरे. छायाचित्र स्वतःहून प्रमाण सांगत नाही. ते पाहणारा आपल्या पदरचे घालतो. नकाशाच्या कोपऱ्यात प्रमाणाची पट्टी छापलेली असते. छायाचित्राच्या कोपऱ्यात ती नसते. ही पट्टी छायाचित्राला मिळवून देण्यासाठी त्यांनी आठ भिंगे आकाशात चढवली. त्यांच्या मागून आलेल्यांनी एकच भिंग उलटे कलवून दाखवून दिले की, पट्टी नसली तर अख्खे रोमसुद्धा मुठीत मावल्यासारखे वाटू शकते.

नियमाचा सरळ वापर थांबलेला नाही. मुंबई-पुण्यातील नेत्ररुग्णालयांत चष्मा घालवण्याच्या लेझर उपचारांपूर्वी बुबुळावरील पारदर्शक पटलाची जाडी आणि वळण मोजले जाते. मोतीबिंदूच्या तपासणीतही डोळ्यातल्या भिंगाचा छेद पाहावा लागतो. पटलाच्या पुढच्या पृष्ठभागापासून आतल्या भिंगापर्यंतचा तिरपा छेद एकाच वेळी तीक्ष्ण टिपण्याचे काम यांतील अनेक यंत्रांत शाइम्पफ्लुग कॅमेराच करतो. तेथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागालाही किंमत असते आणि धूसरतेला जागा नसते. त्या कॅमेऱ्याच्या नावात कार्पांतिए यांचा उल्लेख नाही. तो पाहायचा तर १९०४ चे ते पेटंटच उघडावे लागते. ज्यांच्या नावे आज सारे चालते, त्यांनी तो तेथे नोंदवून ठेवला आहे.